हळू आवाजाचा टीव्ही

माझी माय रोज संध्याकाळी टीव्ही पाहायला जायची, अन् तेवढ्या एका गोष्टीनं माझा जीव अर्धा झाला होता. लोकांना हसू येईल. टीव्ही पाहायला गेलेल्या बाईची कोणी काळजी करतं का? पण आमच्या गावात या, दिवस कलल्यावर नाल्याच्या रपट्यावर उभे राहा, मग हसा.

पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव. गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या, अन् मधे नाला. नाल्यावर रपटा म्हणजे एक बुटका सिमेंटचा पूल, दोन्ही अंगांना डोक्याएवढं गवत अन् झुडपं, अन् त्याच्या मागं लगेच जंगल. अलीकडच्या टोल्यात आमचं घर. पलीकडच्या टोल्यातलं सगळ्यात शेवटचं घर मायच्या मैत्रिणीचं. मी तिला मावशी म्हणते. मावशी एकटी राहते, मुलगा कामासाठी तेलंगणात. तिच्याकडे चार बकऱ्या होत्या, आता तीन आहेत. चौथी वाघानं तिच्या अंगणातून नेली, अन् तीसुद्धा माणसं जागी असताना. त्याआधी उन्हाळ्यात आमच्याच टोल्यातला एक गुराखी गेला. तो संध्याकाळी परत आला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी आणावं लागलं. मी अंगणवाडीत काम करते, त्याची नातवंडं माझ्याच अंगणवाडीत येतात. त्यातली धाकटी अजून विचारते, आजा कुठी गेला म्हणून.

तेव्हापासून जंगलखात्याची गाडी भोंगा लावून फिरते. दिवस मावळल्यावर बाहेर पडू नका, पडलात तर चौघं मिळून जा, हातात बॅटरी ठेवा. अख्खं गाव ऐकते. एक आमची माय तेवढी ऐकत नाही.

"सिरीयल लागते न बाप्पा," ती म्हणायची, अन् पदर खोचून निघायची. आमचा जुना डब्बा टीव्ही कधीचाच बिघडला होता, मी आपलं मोबाइलवर भागवायची. मावशीकडे मुलानं ठेवून दिलेला एक छोटा टीव्ही होता. माय उजेडी जायची अन् अंधारात यायची. तोवर मी चुलीपाशी बसून कुत्र्यांचं ऐकायची. आमच्या भागात ज्यानं त्यानं शिकून घेतलेली गोष्ट आहे ही: कुत्री भुंकत असली तर ठीक. भुंकता भुंकता एकदम गप झाली, तर समजा की जनावर जवळ आहे. भाकर तव्यावर जळायची अन् माझे कान बाहेर असायचे. दारातून मायचा खोकला ऐकू आला की मग मी भाकर उलटायची, अन् तिच्यावर ओरडायची.

"माय, तुले एखाद्या दिवशी तो नेईन."

"माह्यात काय ठेवलं आहे त्याले खाले? हाडंच हाडं."

अशा बाईशी काय बोलणार? नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा येणार. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे, घरीच टीव्ही घेऊन टाक न, मोठा, एचडीवाला, मग बुढी कशाला जाते बाहेर. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस हे मला सुचलं कसं नाही? वाघाला बांधता येत नाही, पण मायला तर बांधून ठेवता येईल.

मायनं ऐकून घेतलं. नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. फक्त भिंतीवरची बुद्धाची तसबीर हलवायची नाही एवढी अट घातली, अन् नाडा घेऊन तसबिरीच्या खालची जागा मोजून त्याला गाठ मारली. तो नाडा कमरेला खोचून ती माझ्याबरोबर चंद्रपूरच्या बसमध्ये बसली.

दुकान भलं मोठं. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्हीच टीव्ही, अन् सगळ्यांवर एकच चित्र चालू. आम्ही आत शिरलो तेव्हा कसले तरी रंगीत मासे पोहत होते. दुकानदार वयानं माझ्याएवढा, मोठा अदबीचा मुसलमान माणूस. मायला पाहून त्यानं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, "अम्मा, आराम से बसा, पाहायला पैसे नाही लागत," म्हणाला. मग मला एचडी काय, फुल एचडी काय, पॅनल काय, ते सांगत बसला. मी मान हलवत होते. खरं सांगते, मला त्यातलं अर्धंही कळलं नाही, पण अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये मान हलवायची सवय झाली आहे.

तेवढ्यात मासे गेले अन् गवत आलं. पिवळं, वाळलेलं, थेट आमच्या रपट्याजवळचं वाटावं असं. अन् त्या गवतातून वाघ बाहेर आला. एक नाही. त्या भिंतीवर जेवढे टीव्ही होते तेवढे वाघ, सगळे एकदम आमच्याकडे पाहत.

खोटं नाही, माझा पाय मागं सरकला. दोन गिऱ्हाइकं मोबाइल काढून फोटो घेऊन राहिली होती. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "पाहा अम्मा, ही एचडीची कमाल. एकेक केस मोजून घ्या, मिशीचा बी."

माय खुर्चीवरून उठली नाही, मागंही सरकली नाही. डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चांगला दिसते गा. आमच्याकडचा कधी दिसतच नाई."

दुकानदाराचं हसू तिथंच थांबलं. त्यानं विचारलं, गाव कुठलं. मी सांगितलं. त्यानं रिमोट उचलला अन् सगळ्या भिंतीवर एक गाणं लावून दिलं. त्या माणसाचे मी मनात आभार मानले.

मग मायनं कमरेचा नाडा काढला. एक टीव्ही लांब पडला, एक आखूड. त्रेचाळीस इंचाचा गाठीला बरोबर आला. दुकानदार म्हणाला, याचा आवाज ऐकून घ्या, पूर्ण घर हलते. त्यानं आवाज वाढवला, तशी मायनं हात वर केला.

"तसा नाई. कमी कर."

त्यानं कमी केला.

"आणखी कमी कर."

"अम्मा, यापेक्षा कमी केला तर ऐकू काय येईल?"

"तेच पाहून राह्यली मी. अगदी हळू आवाजात बोलणं समजते का नाई समजत, ते सांग. घरात बसून बाहेरचं कुत्रं आयकू आलं पायजे."

दुकानात तिन्ही पंखे सुरू होते, ते त्यानं बंद केले. दरवाजा ओढून घेतला. अन् मग त्याच मापाचा एकेक टीव्ही अगदी बारीक आवाजात लावून दाखवला. लोक मोठ्या आवाजासाठी भांडतात, आमची माय हळू आवाज घासून पुसून पाहत होती. कान पुढं करून, डोळे मिटून. एका टीव्हीचं बोलणं घोगरं येत होतं, तो नको. एकाचं फुसफुस, तो नको. तिसऱ्यावर बातम्यावाली बाई कुजबुजल्यासारखी बोलत होती, पण शब्द न् शब्द कळत होता. माय म्हणाली, हा. तोच घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानाची गाडी आली, छपरावर डिशची छत्री बसली, तसबिरीखाली टीव्ही लागला. गल्लीतली बायामाणसं पाहून गेली. मी सगळ्यांना चहा पाजला. नवऱ्याला फोटो पाठवला. त्या संध्याकाळी माय खाटेवर, टीव्हीसमोर, घरात. मी दाराला कडी लावली अन् भाकरी थापायला बसले, अन् किती दिवसांनी एकही जळली नाही.

खाटेच्या उशाशी एक स्टूल होतं. त्यावर आमची बॅटरी कायम असायची, चार्जिंगची, काळी, लांबट. आता तिच्या शेजारी रिमोट आला. तोही काळा, लांबटच. हे आत्ताच सांगून ठेवते.

काही दिवस सुखाचे गेले. म्हणजे मला वाटलं सुखाचे. मायचे डोळे टीव्हीवर असायचे, पण तिला विचारावं, का झालं वं सिरीयलमधी, तर तिला सांगता यायचं नाही. मधेच उठायची, खिडकीच्या फटीतून नाल्याकडं पाहायची, परत बसायची. मी म्हटलं, सवय सुटायला वेळ लागतो माणसाला.

मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली अन् मावशी उभी. "तुह्या घरी मोठा टीव्ही आणला म्हणे, पाहाले आली," म्हणाली. मायचा चेहरा असा फुलला की मी बाजूला सरून मावशीला आत घेतलं. दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला परत जा म्हणता येतं का? मावशी दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. अन् सिरीयल संपली की घरी जायला निघायची, कारण घरी बकऱ्या. झोप इथंच म्हटलं तर म्हणायची, "तीन उरल्या बाई, त्याइले एकटं ठेवून इथी डोळा लागन का?"

अन् तिला पोचवायला माय. आमच्याकडची जुनी रीत आहे, दिवे लागल्यावर घरी आलेल्या बाईमाणसाला एकटं परत पाठवत नाहीत, तिच्या हद्दीपर्यंत पोचवून देतात. मी म्हटलं, मी जाते पोचवायला. माय म्हणे, "तुह्याकडं आली का ते? माह्याकडं आली." एकदा मी मुकाट्यानं मागं गेले, तर काय पाहते? माय मावशीला रपट्याच्या पलीकडं सोडते. मावशी म्हणते, आता तू एकटी वापस कशी जाशीन, चाल, मी तुले अर्ध्यापर्यंत सोडतो. मग दोघी परत अलीकडं. मग माय म्हणते, आता तू एकटी. पुन्हा पलीकडं. जिथं भोंगेवाला पाऊल ठेवू नका म्हणून सांगून गेला, तिथं या दोन बुढ्या एकमेकीला पोचवत येरझाऱ्या घालून राहिल्या होत्या. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी माय उजेडी तरी जायची. मी टीव्ही आणून तिला पक्क्या अंधारात घराबाहेर काढली होती.

त्यानंतर रोज मीच सोबत जायला लागले. बडबडत, चिडत, पण जायची. फक्त एका दिवशी नाही गेले. मी मागं न्हाणीत भांडी घासत होते, अन् त्या दोघींनी मला हाकच मारली नाही. नंतर माय म्हणाली, तू दिवसभर पोरांमागं थकून येतेस म्हणून.

मला कळलं ते जाहिरातींमुळं. सिरीयल हळू आवाजात चालते अन् जाहिराती लागल्या की टीव्ही बोंबलतो. मी हात पुसत आत आले तर खोलीत कोणी नाही. दिवा बंद, कारण मावशीला अंधारात चित्र बरं दिसतं. टीव्हीवर कुठल्या तरी साबणाचा गोंधळ चालू. मी आवाज कमी करायला स्टुलावरून रिमोट उचलला, त्याच्याकडं न पाहताच टीव्हीकडं धरला, बटन दाबलं.

टीव्हीवर उजेडाचा गोल पडला.

हातात बॅटरी होती. मी स्टूल चाचपलं, खाट चाचपली, गोधडी झटकली. रिमोट नव्हता. अन् मग माझ्या लक्षात आलं. अंधारात मायनं चाचपून जे उचललं तो रिमोट होता. माझी माय हातात टीव्हीचा रिमोट घेऊन रपट्यावर गेली होती.

मी भिंतीवरचं बटन बंद केलं. टीव्ही गेला. घर एकदम शांत. अन् बाहेरही शांत. एकही कुत्रं भुंकत नव्हतं.

तेव्हा मी विचार केला नाही, चप्पल घातली नाही, शेजारच्यांना हाक मारायचं सुचलं नाही. बॅटरी समोर धरून मी पळत सुटले. मनात एकच, तिचा खोकला ऐकू येऊ दे, फक्त खोकला ऐकू येऊ दे.

रपट्याच्या मधोमध दोघी उभ्या होत्या. एकमेकींना चिकटून, पाठीला पाठ लावून. मावशीनं डोळे घट्ट मिटले होते. मायनं हात लांब केला होता, रिमोट गवताकडं धरला होता, अन् ती अंगठ्यानं बटन दाबत होती. दाबतच होती.

माझ्या पायांचा आवाज ऐकून ती मान न वळवता बोलली, "हळू ये. पळू नोको. पाठ करू नोको."

मी बॅटरी तिच्या हाताच्या दिशेनं फिरवली. काही दिसलं नाही. शपथेवर सांगते, काहीच नाही, न डोळे, न पट्टे. गवत होतं फक्त. वारा नव्हता अन् गवताची एक रेघ हलत होती, नाल्याच्या कडेकडेनं, हळूहळू, आमच्यापासून लांब. ती रेघ झुडपांपर्यंत गेली अन् थांबली. एक ओला, उग्र वास आला अन् तिथंच राहिला. दुकानातला वाघ मला केसासकट दिसला होता. हा दिसलाच नाही, पण बॅटरीचा उजेड मी त्या झुडपांवरून काढला नाही.

आम्ही उलट्या पावलांनी घरी आलो. तिघी, एकमेकींचे पदर धरून, तोंड नाल्याकडं करून. घरात शिरलो, कडी लावली, आडणा लावला. मावशी जमिनीवर बसली ती बसलीच. मायनं पाणी पिलं. मग हातातल्या वस्तूकडं पाहिलं, उलटं सुलटं केलं.

"हे रिमोट होय का? म्हटलं, लागून काऊन नाई राह्यली."

मावशीला हसू आलं. हसता हसता ती रडायला लागली. अन् मी, जी एवढा वेळ मुकी झाले होते, ती फुटले. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं.

"मराचं आहे का तुले? एवढा टीव्ही कोणासाठी आणला मी? सिरीयलपायी जीव देऊन राह्यली का तू? तुले भेव नाई वाटत का, माय?"

माय खाटेवर टेकली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले.

"वाटते न. लई वाटते. रोज वाटे." मग मावशीकडं बोट करून हळूच म्हणाली, "बकरी नेली त्या दिवसापासून हे बाई दिवा नाई लावत. उजेड दिसला तर तो येईन म्हणते. दार लावून अंधारात बसून राह्यते, सकाळ होयेपर्यंत. सिरीयल कोणाले पायजे व? दोन घटका कोणी जवळ बसलं की ते दिवा लावे. मलेच एवढं भेव वाटते, तं तिले एकटीले किती वाटत असन?"

मावशी पदरात तोंड घालून बसली होती. त्या रात्री ती आमच्याकडेच राहिली, पण झोपलं कोणीच नाही. पहाटे उठून ती बकऱ्या पाहायला गेली. तिन्ही होत्या. जंगलखात्याची माणसं आली, नाल्याच्या ओल्या मातीतले पंजे पाहून गेली, झाडाला कॅमेरा बांधून गेली.

त्या संध्याकाळी मावशी आली नाही. दुपारीच तिनं कोणाकडून तरी निरोप पाठवला होता की मी आता येत नाही, माह्यापायी तुह्या मायचा जीव जाईन. तिनं खरं म्हणजे माझ्याच मनातलं सांगितलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

माय टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही लावला नव्हता. काळ्या काचेत तिचाच चेहरा दिसत होता अन् तिच्या मागं खिडकी, अन् खिडकीत उतरतं ऊन. जाऊ का म्हणून तिनं विचारलंही नाही. कधी नव्हे ते त्या दिवशी तिनं माझं ऐकलं होतं, अन् मला ते पाहवत नव्हतं. पलीकडं, सगळ्यात शेवटच्या घरात, आता थोड्या वेळात कोणीतरी दिवा न लावता बसणार होतं.

मी भाकरी फडक्यात बांधल्या. दोन गोधड्या गुंडाळल्या.

"कुठी चालली वं?" मायनं विचारलं.

"चाल लवकर. उजेड आहे तोपर्यंत पोचू. सकाळीच येऊ वापस."

ती उठली. मी टीव्ही लावला, तिनं निवडलेल्या त्या हळू आवाजात, घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून. स्टुलावरून बॅटरी घेतली. तेव्हापासून आम्ही रोज अशाच जातो, अन् भीती अजूनही रोज वाटते. बटन दोनदा दाबून पाहिलं. दोन्ही वेळा उजेड पडला. मग बाहेरून कडी लावली.